मेंदू, अस्थी आणि बाह्यरुग्ण विभागाचे अर्थशास्त्र : रायपूरच्या पुरानी बस्तीच्या संदर्भात

आरोग्यसेवेची चर्चा करताना आपल्याकडे प्रामुख्याने रुग्णालये, खाटा आणि शस्त्रक्रिया यांचा विचार होतो. प्रत्यक्षात बहुसंख्य रुग्णांचा आरोग्ययंत्रणेशी येणारा संबंध हा बाह्यरुग्ण विभागाच्या खिडकीपुरता मर्यादित असतो. केसपेपर काढणे, रांगेत बसणे, तपासणी करून घेणे, औषधे घेणे आणि पुढील तारखेला पुन्हा येणे हा क्रम दीर्घकालीन आजारात वर्षानुवर्षे चालू राहतो. मज्जासंस्थेचे व मनाचे विकार आणि अस्थींचे विकार हे दोन्ही या प्रकारात मोडतात. वरकरणी या दोहोंचा परस्परांशी संबंध नाही असे वाटते. परंतु वैद्यकीय व आर्थिक अशा दोन्ही दृष्टींनी तो निकटचा आहे. छत्तीसगडच्या राजधानीतील पुरानी बस्ती या जुन्या वस्तीच्या संदर्भात हा संबंध अधिक स्पष्टपणे समजून घेता येतो.

अंतर थोडे, वाट लांब

रायपूरचा मराठी भाषकांशी असलेला संबंध जुना आहे. छत्तीसगडचा प्रदेश 1854 पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता आणि पुढे 1956 पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात रायपूरचा समावेश होता. महामाया मंदिर, जैतूसाव मठ आणि टुरी हटरीचा बाजार यांच्या भोवती पसरलेली पुरानी बस्ती हा या शहराचा मूळ भाग होय.

या वस्तीतील रहिवाशाला तज्ज्ञसेवा दूर आहे असे म्हणता येणार नाही. वैद्यकीय महाविद्यालय 1963 पासून शहरात आहे आणि त्याच्याशी संलग्न डॉ. भीमराव आंबेडकर स्मृती रुग्णालय, ज्याला रायपूरकर ‘मेकाहारा’ म्हणतात, ते शहरातच आहे. टाटीबंध येथील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था 2012 मध्ये सुरू झाली. दाऊ कल्याणसिंग रुग्णालयाचा इतिहास तर प्रशासनाच्या अभ्यासकाने मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे. 2000 मध्ये राज्य स्थापन झाल्यावर या रुग्णालयाच्या इमारतीत मंत्रालय आले. मंत्रालय 2012 मध्ये नव्या रायपूरला हलल्यानंतर 2018 मध्ये तेथे अतिविशेषोपचार रुग्णालय सुरू झाले. नव्या राज्याला आधी कार्यालय लागले आणि मग रुग्णालय, एवढाच याचा अर्थ नसला तरी संसाधनांच्या वाटपातील अग्रक्रम त्यातून दिसतो.

राज्याच्या इतर भागांची स्थिती वेगळी आहे. राज्य मानसिक रुग्णालय बिलासपूरजवळील सेंदरी येथे आहे. बस्तरच्या रुग्णाला तेथे पोहोचण्यासाठी राज्याचा मोठा भाग ओलांडावा लागतो. मात्र पुरानी बस्तीचे उदाहरण अशासाठी उद्बोधक आहे की, तेथे अंतराची अडचण जवळपास नाही आणि तरीही उपचारात खंड पडतो. म्हणजे अडचणीचे मूळ अन्यत्र शोधले पाहिजे.

उपचारातील तूट

ज्यांना उपचारांची गरज आहे आणि ज्यांना ते प्रत्यक्षात मिळतात, यांतील फरकाला उपचारातील तूट म्हणतात. बेंगळुरूच्या ‘निम्हान्स’ संस्थेने 2015-16 मध्ये 12 राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. छत्तीसगड हे त्यांपैकी एक होते. सर्वेक्षणानुसार प्रौढांपैकी 10.6 टक्के व्यक्ती त्या वेळी कोणत्या ना कोणत्या मानसिक विकाराने ग्रस्त होत्या आणि निरनिराळ्या विकारांत उपचारातील तूट 70 ते 92 टक्के इतकी होती. महानगरांतील प्रमाण ग्रामीण भागापेक्षा अधिक आढळले. आजारी व्यक्तीच्या कुटुंबाला उपचार आणि प्रवास यांवर दरमहा साधारणतः 1,000 ते 1,500 रुपये खर्च करावे लागत होते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालात दर लाख लोकसंख्येमागे आत्महत्यांचे राष्ट्रीय प्रमाण 12.4 होते, छत्तीसगडमध्ये ते 28.2 होते. प्रत्येक आत्महत्येमागे मानसिक आजारच असतो असे मानणे चुकीचे ठरेल. कर्ज, व्यसन, कौटुंबिक कलह यांचाही त्यात वाटा असतो, आणि ज्या राज्यात नोंदणी चांगली तेथे आकडा मोठा दिसतो हेही खरे. तरीही राष्ट्रीय प्रमाणाच्या दुपटीहून मोठ्या आकड्याकडे दुर्लक्ष करणे कोणत्याही नियोजनकाराला शक्य नाही.

मेंदूचे औषध आणि हाडांची झीज

येथे वैद्यकीय बाजू थोडी विस्ताराने पाहणे आवश्यक आहे, कारण पुढील आर्थिक युक्तिवाद तिच्यावरच उभा आहे.

अपस्मार, म्हणजे फिट्स येण्याचा विकार, हा औषधांनी आटोक्यात येणारा आजार आहे. योग्य निदान व उपचार झाल्यास सुमारे 70 टक्के रुग्ण झटक्यांपासून मुक्त राहू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यासाठी वापरली जाणारी फेनिटॉइन, फिनोबार्बिटोन, कार्बामाझेपिन ही जुनी औषधे स्वस्त व परिणामकारक आहेत. परंतु ती यकृतातील विकरांना चालना देतात आणि त्यामुळे शरीरातील ‘ड’ जीवनसत्त्वाचे विघटन वेगाने होते. ‘ड’ जीवनसत्त्व घटले की आहारातील कॅल्शियम नीट शोषले जात नाही आणि काही वर्षांत हाडे ठिसूळ होऊ लागतात. छिन्नमनस्कतेच्या रुग्णांना दिली जाणारी रिस्पेरिडोनसारखी काही औषधे प्रोलॅक्टिन या संप्रेरकाची पातळी वाढवतात. परिणामी हाडांचे रक्षण करणारी लैंगिक संप्रेरके कमी होतात. नैराश्यावरील काही औषधांचा संबंध वृद्धांच्या पडण्याशी व अस्थिभंगाशी आढळला आहे. त्यात घरातच बसून राहणे, अपुरा आहार, तंबाखू आणि उन्हाचा अभाव यांची भर पडते.

याचा अर्थ ही औषधे बंद करावीत असा मुळीच नाही. औषध अचानक थांबवल्यास झटका येऊन रुग्ण पडतो आणि जे हाड वाचवायचे तेच मोडते. औषध चालू ठेवून हाडांकडेही लक्ष देणे हाच मार्ग आहे. अडचण अशी की, औषध लिहून देणारा विभाग आणि मोडलेले हाड पाहणारा विभाग वेगळे असतात, आणि त्यांच्यातील निरोप्याचे काम रुग्णाच्या हातातील चुरगळलेल्या कागदाला करावे लागते.

हा संबंध उलट दिशेनेही चालतो. दीर्घकाळच्या अस्थिदुखीतून नैराश्य येते. स्मृतिभ्रंश आणि कंपवात यांमुळे तोल जातो. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय अभ्यासानुसार भारतातील 60 वर्षांवरील व्यक्तींपैकी 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख व्यक्ती स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. अशा व्यक्तीचे खुब्याचे हाड मोडले तर पुन्हा स्वतंत्रपणे चालणे अवघड होते आणि घरातील एका माणसाला, बहुधा सुनेला वा मुलीला, काम सोडून घरी बसावे लागते.

छत्तीसगडमध्ये यात आणखी एक घटक आहे : सिकलसेल. या आनुवंशिक आजारात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात. मेंदूचा रक्तपुरवठा अडला तर लहान वयातही पक्षाघात होतो. मांडीच्या हाडाच्या गोलकाचा अडला तर तो भाग मृत होतो आणि तिशीतला तरुण काठी घेऊन चालू लागतो. एकाच रक्तदोषाचे हे दोन परिणाम दोन वेगळ्या विभागांत जाऊन पोहोचतात. महाराष्ट्रातील गडचिरोली, गोंदिया, नंदुरबार या जिल्ह्यांतही हा आजार आढळतो. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा आरंभ झाला. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मधील 21 दिव्यांगत्वांमध्ये मानसिक आजार, दीर्घकालीन मज्जाविकार आणि सिकलसेल या तिन्हींचा समावेश आहे, हे परीक्षार्थींनी ध्यानात घ्यावे.

मोफत सेवेची किंमत

शासकीय बाह्यरुग्ण विभागात तपासणीचे शुल्क नाममात्र असते. मग खर्च कशाचा? अर्थशास्त्रात ज्याला संधी-व्यय म्हणतात, त्याचा. एक गोष्ट करताना जी दुसरी सोडावी लागते तिचे मूल्य म्हणजे संधी-व्यय.

समजा, पुरानी बस्तीतील एका मजुराला अपस्मारासाठी दरमहा, हाडांच्या तपासणीसाठी तीन महिन्यांतून एकदा आणि रक्ततपासणीसाठीही तीन महिन्यांतून एकदा जावे लागते आणि हे दिवस निरनिराळे आहेत. वर्षाला 20 फेऱ्या झाल्या. झटका येण्याच्या भीतीने सोबत घरचे एक माणूस असते; म्हणजे 40 मनुष्यदिवस बुडाले. दिवसाची मजुरी 400 रुपये धरली तर 16,000 रुपये गेले. तिन्ही कामे एकाच दिवशी झाली तर 12 फेऱ्यांत 24 मनुष्यदिवस, म्हणजे 9,600 रुपये जातील. मासिक औषध वस्तीतील आरोग्य केंद्रातून मिळाले आणि तज्ज्ञाकडे तिमाही जाणे पुरले, तर 4 फेऱ्या, 8 मनुष्यदिवस आणि 3,200 रुपये. आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. तथापि डॉक्टरांची संख्या, औषध आणि अंतर यांपैकी काहीही न बदलता केवळ वेळापत्रक व वितरणाची पद्धत बदलून कुटुंबाचा किती भार हलका होतो, हे त्यांतून कळते. हा खर्च शासनाच्या कोणत्याही हिशेबात दिसत नाही, त्यामुळे तो वाचवण्याची निकडही भासत नाही.

विमा कुठे थांबतो

ज्या वर्षी रायपूरचे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, त्याच 1963 साली केनेथ ॲरो यांचा वैद्यकीय सेवेतील अनिश्चिततेवरील प्रसिद्ध निबंध प्रकाशित झाला. आजार केव्हा येईल हे ठाऊक नसते आणि उपचार योग्य आहे की नाही हे रुग्णाला पारखता येत नाही; म्हणून आरोग्यसेवेची बाजारपेठ इतर वस्तूंच्या बाजारपेठेसारखी चालत नाही, असा त्यातील विचार होता. विमा हा अनिश्चिततेवरील उपाय. क्वचित येणाऱ्या मोठ्या खर्चासाठी तो उत्तम चालतो; परंतु दरमहा निश्चितपणे येणाऱ्या लहान खर्चासाठी त्याची रचनाच नसते. शिवाय बाह्यरुग्ण सेवेचा विमा दिला तर गरज नसताना तिचा वापर वाढेल, या नैतिक जोखमीची भीती विमाकर्त्याला असते.

23 सप्टेंबर 2018 रोजी सुरू झालेल्या आयुष्मान भारत - प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार मिळतात. दाखल होण्यापूर्वीचे 3 दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे 15 दिवस यांचा खर्चही त्यात येतो. नियमित बाह्यरुग्ण सेवा मात्र योजनेच्या कक्षेबाहेर आहे. परिणाम असा की, ‘ड’ जीवनसत्त्वाची तपासणी, अस्थिघनतेची चाचणी आणि कॅल्शियमच्या गोळ्या यांसाठी विमा नाही. खुब्याचे हाड मोडून शस्त्रक्रिया करावी लागली की विमा उपलब्ध होतो. हाड मोडेपर्यंत थांबणाऱ्याला साहाय्य आणि न मोडण्याची काळजी घेणाऱ्याला स्वतःचा खिसा, अशी ही विपरीत प्रोत्साहन-रचना आहे. 1952 पासून कार्यरत असलेल्या कर्मचारी राज्य विमा योजनेत बाह्यरुग्ण सेवा समाविष्ट आहे. त्यामुळे ती देणे अशक्य आहे असे म्हणता येत नाही. मात्र असंघटित मजूर त्या योजनेच्या बाहेर राहतो.

कायदा आणि वस्तीतील केंद्र

धोरणात्मक पातळीवर पाया घातला गेला आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम 1982 मध्ये सुरू झाला. कर्नाटकातील बेल्लारी येथील प्रयोगाच्या आधारे 1996 मध्ये 4 जिल्ह्यांत आरंभलेला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम पुढे 767 जिल्ह्यांसाठी मंजूर झाला. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, 2017 च्या कलम 18 ने शासनाच्या निधीतून चालणारी मानसिक आरोग्यसेवा मिळण्याचा हक्क दिला. आवश्यक औषधांच्या यादीतील औषधे सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या स्तरांवर विनामूल्य देण्याचे बंधनही त्याच कलमात आहे. कलम 21 नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच वागवले पाहिजे. परंतु मूळ विम्यातच बाह्यरुग्ण सेवा नसेल तर या समानतेचा लाभ बहुसंख्य रुग्णांना होत नाही. शून्याची समान वाटणी झाली तरी ती शून्यच राहते. 10 ऑक्टोबर 2022 पासून ‘टेली-मानस’ची 14416 ही दूरध्वनी सेवा उपलब्ध आहे, तिच्यामुळे पहिला सल्ला घरबसल्या मिळतो, ‘ड’ जीवनसत्त्वाची तपासणी मात्र होत नाही.

छत्तीसगडची जमेची बाजू प्राथमिक स्तरावर आहे. ‘आशा’ कार्यकर्तीची संकल्पना 2005 मध्ये देशभर येण्यापूर्वी, 2002 मध्ये, या राज्याने ‘मितानिन’ कार्यक्रम सुरू केला होता. डॉक्टरांची उणीव भरून काढण्यासाठी राज्याने तीन वर्षांचा वैद्यकीय अभ्यासक्रमही राबवला आणि त्यातून तयार झालेले ग्रामीण वैद्यकीय साहाय्यक प्राथमिक केंद्रांत काम करू लागले. त्यांना व वैद्यकीय अधिकाऱ्यांना ‘निम्हान्स’मार्फत दूरस्थ पद्धतीने मानसिक विकारांच्या उपचाराचे प्रशिक्षण देण्यात आले. देशातील पहिल्या आरोग्य व स्वास्थ्य केंद्राचे उद्घाटन 14 एप्रिल 2018 रोजी याच राज्यातील बिजापूर जिल्ह्यात, जांगला येथे झाले. 2023 मध्ये या केंद्रांना ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ हे नाव देण्यात आले.

या केंद्रांसाठी ठरवलेल्या 12 सेवागटांत मानसिक व मज्जासंस्थेच्या विकारांची प्राथमिक तपासणी हा एक गट आहे आणि वृद्धसेवा हा दुसरा. कागदावर हे दोन्ही गट एकाच छताखाली आले आहेत. अपस्माराच्या रुग्णाला महिन्याच्या गोळ्या देतानाच गेल्या वर्षभरात तो किती वेळा पडला, पाठ दुखते का, ऊन मिळते का, हे तीन प्रश्न विचारण्यासाठी अस्थिघनता मोजणाऱ्या महागड्या यंत्राची आवश्यकता नाही. उत्तरे संशयास्पद वाटली तरच रुग्णाला मेकाहारा किंवा टाटीबंधला पाठवायचे आहे, आणि त्या वेळी चिठ्ठीवर चालू औषधांची नावे लिहिलेली असली पाहिजेत.