आधी लिकेज, मग गॅस

उन्हाळा तापला की मालेगावात अकोला-वाशीम रस्त्यावरच्या गॅरेजसमोर गाड्या उभ्या राहतात आणि मालक स्वतःच निदान सांगून मोकळे होतात: "एसीतला गॅस संपला, भरून द्या." मेकॅनिकही वाद घालत नाही, कारण गॅस भरणं सोपं आणि लिकेज शोधणं किचकट.

पण हा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, कंडेन्सरमध्ये तो द्रव होतो, डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये त्याची वाफ होते आणि ती वाफ केबिनमधली उष्णता घेऊन परत कॉम्प्रेसरकडे जाते. सगळा फेरा बंद नळ्यांतला. रबरी पाइप आणि सीलमधून वर्षाला थोडाफार झिरपतो खरा, पण दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल तर कुठेतरी भोक आहे, एवढं नक्की.

आता गेजचं. इंजिन बंद असताना गेज लावलं, काटा १३० पीएसआयच्या आसपास गेला की "गॅस फुल आहे" म्हणतात. इथेच बहुतेकांची फसगत होते. आर-१३४ए हा गॅस ४० अंशांवर साधारण १३३ पीएसआय दाब दाखवतो, मग आत ५०० ग्रॅम असो की २००. द्रवाचा थेंब शिल्लक असेपर्यंत दाब तापमानावर ठरतो, मापावर नाही. म्हणजे विदर्भातल्या मे महिन्यात अर्धी रिकामी यंत्रणाही भरलेली वाटते. खरं माप एकच: असलेला गॅस मशीनने काढून घ्यायचा, व्हॅक्यूम मारायचा आणि बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेले ग्रॅम तोलून भरायचे. "थोडा जास्त टाका, गारवा वाढेल" हेही चूक. जादा गॅसने दाब चढतो, गारवा उलट कमी होतो आणि फारच चढला तर प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद करतो.

"व्हॅक्यूम टिकला, म्हणजे लिकेज नाही" हा समज मेकॅनिकांतही आहे. व्हॅक्यूमचं मुख्य काम आतला ओलावा काढणं, कारण ओलावा राहिला की आम्ल तयार होऊन यंत्रणा आतून खाल्ली जाते. लिकेज तपासायला तो तोकडा पडतो. त्यात दाबाचा फरक जेमतेम १५ पीएसआयचा, तोही बाहेरून आत. चालू एसीत कंडेन्सरच्या बाजूला आतून बाहेर २०० च्या वर. म्हणून कोरडा नायट्रोजन भरून सांध्यांवर साबणाचं पाणी लावलेलं बरं. त्याआधी डोळे वापरावेत: गॅससोबत कॉम्प्रेसरचं तेलही बाहेर येतं आणि त्यावर धूळ बसते, म्हणून जिथे काळपट, तेलकट डाग दिसेल तिथे संशय घ्यावा. भरायच्या व्हॉल्व्हची टोपीही बघा. ती हरवलेली असणं नेहमीचंच, आणि आतली पिन सैल असेल तर गॅस तिथूनच जातो.

गाडीखाली पाणी टपकतं ते मात्र लिकेज नव्हे. हवेतली वाफ कॉइलवर गार होऊन निथळते, एवढंच.

आणि गारवा कमी म्हणजे दर वेळी गॅसच कमी, असंही नाही. आपला भाग सोयाबीनचा. मळणीच्या दिवसांत उडालेला भुसा कंडेन्सरच्या पात्यांत अडकतो, समृद्धी महामार्गावर वेगात आदळलेले किडे त्यात भर घालतात, वारा आरपार जाईना म्हणजे गॅसची उष्णता बाहेर पडेना. गावात सिग्नलला उभं राहिल्यावर एसी गरम फेकतो आणि गाडी पळाली की गार होतो, तर आधी कंडेन्सर आणि पंखा पाहावा. हलक्या धारेने पाणी मारून घ्या. प्रेशर वॉशर जवळून धरला तर पाती वाकतात.

काही ठिकाणी स्वस्तात स्वयंपाकाचा गॅस भरून देतात. तो गार करतो, हे खोटं नाही. पण तो पेट घेतो, आणि कूलिंग कॉइल फुटली तर तो थेट तुमच्या केबिनमध्ये येतो. अशा गॅरेजात गाडी सोडूच नये.