कोण जिंकेल?

मालवणच्या दक्षिणेस देवबाग नावाचे गाव आहे. गाव कसले, दोन पाण्यांच्या मधली वाळूची एक लांबट पट्टीच ती. एका अंगास अरबी समुद्र, दुसऱ्या अंगास कर्ली नदी. गावाच्या दक्षिण टोकाशी ही नदी समुद्रास मिळते. ओहोटी लागली, की किनाऱ्यावरची ओली वाळू घट्ट व सपाट होते. अशा वाळूवर चेंडू चांगला पळतो आणि पडले तरी गुडघे फुटत नाहीत. फुटबॉल खेळण्यास याहून चांगले मैदान कोठे शोधावे!

समजा, या वाळूवर मुलांनी फुटबॉलची एक स्पर्धा भरवली आहे. स्पर्धा काल्पनिकच, पण तिच्यातला हिशेब मात्र खरा आहे. संघ आठ आहेत. समुद्रकाठची मुले ती. त्यांनी संघांना माशांची नावे दिली आहेत: मोरी, सुरमई, सरंगा, बांगडा, सौंदाळा, कर्ली, पेडवा आणि तारली. मोरीच्या संघात धावण्यात व चेंडू मारण्यात सर्वांत तरबेज मुले आहेत. तारलीच्या संघात बहुतेक धाकटी भावंडे आहेत. स्पर्धा बाद पद्धतीची आहे. म्हणजे जो हरला तो घरी गेला. एका मुलाने काठीने वाळूवर आठ संघांचा आराखडा काढला आणि सामने सुरू होण्यापूर्वीच सांगून टाकले, ‘‘मोरीच जिंकणार!’’

त्याचे हे भाकीत योग्य आहे काय?

प्रथम सामने मोजावेत. पहिल्या फेरीत चार, उपांत्य फेरीत दोन आणि शेवटी एक, असे एकूण सात सामने होतील. हीच संख्या याहून सोप्या रीतीनेही काढता येते. प्रत्येक सामन्यात एकच संघ बाद होतो. आठांपैकी एक उरावयाचा तर सात बाद झाले पाहिजेत. म्हणून सामने सात. चौसष्ट संघ असले तर त्रेसष्ट. मोठमोठ्या स्पर्धांचा हिशेब असा एका क्षणात होतो.

आता प्रत्येक सामन्याचे निकाल दोन प्रकारचे संभवतात. सात सामन्यांचे सर्व निकाल आधीच लिहून ठेवावयाचे म्हटले, तर दोनाला दोनाने सात वेळा गुणावे लागते, आणि १२८ निरनिराळे आराखडे तयार होतात. त्यांतला एकच अगदी बिनचूक ठरणार. चौसष्ट संघांच्या स्पर्धेत तर ही संख्या एकोणीस अंकी होते. दर सेकंदास एक या वेगाने ते सारे आराखडे लिहू म्हटले, तर सुमारे २९ हजार कोटी वर्षे लागतील! सर्व सामन्यांचे अचूक भाकीत करण्याचा नाद म्हणूनच सोडून द्यावा आणि एकच प्रश्न धरावा: विजेता कोण?

मोरी बलवान आहे हे खरे. कोणत्याही संघाशी तिचे दहा सामने झाले, तर त्यांपैकी सात ती जिंकते, असे मानू. हे प्रमाण चांगलेच आहे. परंतु अशी स्पर्धा एक हजार वेळा भरली तर काय होईल ते पाहावे. पहिल्या फेरीतून मोरी ७०० वेळा पुढे जाईल. या ७०० वेळांपैकी उपांत्य सामना ती ४९० वेळा जिंकेल. आणि या ४९० वेळांपैकी अंतिम सामना जिंकेल ३४३ वेळा. म्हणजे हजारांपैकी ६५७ वेळा चषक दुसऱ्याच कोणाच्या हाती जाईल. सर्वांत बलवान संघ जिंकण्यापेक्षा हरण्याचाच संभव अधिक! ऐकताना हे विपरीत वाटते. पण गुणाकार करून पाहिला म्हणजे शंका राहत नाही.

मग त्या मुलाने दुसऱ्या एखाद्या संघाचे नाव सांगावयास हवे होते काय? तसेही नव्हे. उरलेल्या ६५७ वेळा सात संघांत वाटल्या जातात. प्रत्येकाच्या वाट्यास सरासरी ९४ येतात. एकच नाव सांगावयाचे असेल तर ते मोरीचेच सांगितले पाहिजे. चूक आहे ती त्या शेवटच्या ‘च’मध्ये.

असे प्रत्यक्षात घडते काय, याचा एक प्रसिद्ध दाखला १९५४ सालचा आहे. त्या वर्षी स्वित्झर्लंडमध्ये फुटबॉलची जागतिक स्पर्धा झाली. हंगेरीचा संघ तेव्हा सर्वश्रेष्ठ मानला जात असे. १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये तो अजिंक्य ठरला होता; १९५३ मध्ये त्याने इंग्लंडला त्यांच्याच मैदानावर ६ विरुद्ध ३ गोलांनी हरवले होते. जागतिक स्पर्धेत पश्चिम जर्मनीशी त्याची पहिली गाठ पडली, तेव्हा तो ८ विरुद्ध ३ गोलांनी विजयी झाला. पुढे अंतिम सामन्यात तेच दोन संघ समोरासमोर आले. हंगेरीने पहिल्या आठ मिनिटांतच दोन गोल केले. पाहणाऱ्यांना निकाल लागल्यासारखाच वाटला असेल. परंतु सामना संपला तो पश्चिम जर्मनीच्या बाजूने, ३ विरुद्ध २ गोलांनी. पहिल्या सामन्यात जर्मनांनी आपल्या काही प्रमुख खेळाडूंना विश्रांती दिली होती, हेही ध्यानात ठेवावे. आठ गोलांचा विजय पाहून भाकीत करणाऱ्यांनी एवढी गोष्ट विसरू नये.

दुसरा दाखला अलीकडचा, अमेरिकेतील महाविद्यालयांचा आहे. तेथील फुटबॉलचा चेंडू लांबट असतो व तो हातात धरून पळतात. त्या खेळाच्या अंतिम टप्प्यात २०१४ च्या हंगामापासून चार संघ खेळत असत. २०२४ च्या हंगामात त्यांची संख्या बारा करण्यात आली. पहिल्या चार मानांकित संघांना पहिली फेरी खेळावी न लागता दुसऱ्या फेरीत थेट प्रवेश मिळाला. नवल असे, की हे चारही संघ आपल्या पहिल्याच सामन्यात हरले. जानेवारी २०२५ मध्ये अजिंक्यपद मिळाले ते आठव्या मानांकनाच्या ओहायो स्टेट या विद्यापीठाला.

याउलट घडल्याची उदाहरणेही महाराष्ट्रातच आहेत. मुंबईत १८९१ साली सुरू झालेल्या रोव्हर्स चषक स्पर्धेत हैदराबाद सिटी पोलिसांचा फुटबॉल संघ १९५० ते १९५४ अशी लागोपाठ पाच वर्षे विजयी झाला. क्रिकेटमध्ये मुंबईने त्यालाही मागे टाकले. १९५८–५९ पासून १९७२–७३ पर्यंत रणजी करंडक सलग पंधरा वेळा तिच्याकडे होता. संघ इतका वरचढ असला, की तीन सामन्यांचा गुणाकारही त्याला फारसा खाली ओढत नाही. मोरी दहापैकी सातऐवजी नऊ सामने जिंकणारी असती, तर हजार स्पर्धांपैकी ७२९ तिने जिंकल्या असत्या. पंधरा वर्षे दरसाल ‘मुंबईच जिंकणार’ असे म्हणणारा मनुष्य पंधरा वेळा खरा ठरला असता आणि त्याला आपल्या ज्ञानाचा गर्वही झाला असता. सोळाव्या वर्षी, १९७३–७४ मध्ये, उपांत्य सामन्यात कर्नाटकाने मुंबईला बाद केले.

खेळाखेळांतही फरक असतो. कबड्डीच्या सामन्यात चढाया पुष्कळ होतात आणि गुणही पुष्कळ मिळतात. एखाद्या चढाईत दुबळ्याला दैवाने साथ दिली तरी पुढच्या वीस चढायांत बलवान संघ ती भरून काढतो. फुटबॉलमध्ये मात्र साऱ्या सामन्यात गोल होतात दोन किंवा तीन. वाळूतल्या एका उंचवट्यावर आपटून चेंडू वाकडा गेला, तर तेवढ्यानेच तारलीही मोरीला हरवू शकेल. फुटबॉलचे भाकीत करणारा कबड्डीचे भाकीत करणाऱ्यापेक्षा अधिक वेळा तोंडघशी पडतो, याचे हे एक कारण होय.

भाकिते करणाऱ्यांच्या यादीत एका समुद्रप्राण्याचेही नाव आहे. जर्मनीतील ओबरहाउझेन येथील मत्स्यालयात पॉल नावाचा एक अष्टपाद होता. सामन्यापूर्वी त्याच्या टाकीत दोन पेट्या सोडीत. प्रत्येक पेटीवर एका देशाचा ध्वज असे व आत शिंपल्यातील खाद्य ठेवलेले असे. ज्या पेटीतले खाद्य तो आधी खाई, तो देश जिंकणार असे समजावयाचे. २०१० च्या जागतिक स्पर्धेतील आठ सामन्यांसाठी त्याला असे विचारण्यात आले आणि आठही उत्तरे बरोबर निघाली! जगभर त्याची कीर्ती झाली. परंतु नाणे उडवून आठ सामन्यांची भाकिते केली, तर ती सर्वच्या सर्व खरी ठरण्याचा संभव २५६ मध्ये एक असतो. हा संभव लहान आहे. अशक्य मात्र नव्हे. देवबागच्या किनाऱ्यावर २५६ मुलांनी आठ आठ वेळा नाणी उडवली, तर त्यांतही एखादा ‘पॉल’ सापडण्याची बरीच शक्यता आहे. शिवाय २००८ च्या युरोपीय स्पर्धेत त्याच पॉलची सहापैकी दोन उत्तरे चुकली होती. तेव्हा त्याला फारसे कोणी ओळखीत नव्हते.

मग भाकीत तपासावे कसे? त्यासाठी किनाऱ्यावरच्या मुलांना एक करवंटी व दहा शिंपले पुरेत. शिंपले सारख्याच आकाराचे असावेत. त्यांतल्या तिघांवर कोळशाने खूण करावी. न पाहता एक शिंपला काढावा. तो बिनखुणेचा असला तर मोरीने सामना जिंकला. खुणेचा निघाला तर हरला. शिंपला परत टाकून करवंटी हलवावी आणि पुन्हा काढावा. लागोपाठ तीन बिनखुणेचे निघाले, की मोरीला चषक मिळाला. अशा शंभर स्पर्धा एका दुपारी सहज खेळून होतात. दर वेळी आकडा थोडा वेगळा येईल, पण तो चौतिसाच्या आसपासच घोटाळेल.

हा पोरखेळ नव्हे. १९४६ साली स्टानिस्लाव उलाम हे गणितज्ञ आजारातून बरे होत असताना पत्त्यांचा एकट्याने खेळावयाचा डाव मांडून बसत. डाव सुटण्याचा संभव किती, हे गणिताने काढणे फार किचकट आहे असे त्यांना आढळले. त्यापेक्षा शंभर डाव खेळून सुटलेले मोजावेत, असा विचार त्यांच्या मनात आला. त्यातून निघालेल्या गणितपद्धतीस पुढे मोंटे कार्लो या नगराचे नाव मिळाले. आज संगणक कोणत्याही मोठ्या स्पर्धेच्या आधी ती हजारो वेळा मनातल्या मनात खेळून पाहतो, तो याच रीतीने. त्याची करवंटी मोठी आहे, एवढेच.

भाकीत करणाऱ्यांचीही परीक्षा घेता येते. हवामानाच्या अंदाजांसाठी अमेरिकेतील ग्लेन ब्रायर यांनी १९५० मध्ये एक रीत सुचवली. तिचे सोपे रूप असे: भाकीत दहापैकी किती, अशा आकड्यात सांगावे, सांगितलेला आकडा आणि घडलेली गोष्ट यांतील अंतराचा वर्ग करावा, तेवढा दंड भरावा. मोरीचे दहा सामने झाले व त्यांपैकी सात तिने जिंकले, असे समजा. ‘मोरीच जिंकणार’ म्हणणाऱ्याने दर वेळी दहापैकी दहा सांगितले. सात वेळा त्याला दंड नाही. पण तीन वेळा दहाचा वर्ग, म्हणजे शंभर. एकूण दंड ३००. ‘काही सांगवत नाही, पाच आणि पाच’ असे म्हणणाऱ्यास दर वेळी पंचवीस, एकूण २५०. आणि ‘दहापैकी सात’ म्हणणाऱ्यास सात वेळा नऊ व तीन वेळा एकोणपन्नास, म्हणजे २१०. सर्वांत कमी दंड या तिसऱ्यालाच पडला. फुशारकी मारणारा तर काहीच न सांगणाऱ्याच्याही मागे राहिला!

चषकाचे भाकीत चुकले तर कोणाचे काही बिघडत नाही. परंतु देवबागेतील पुष्कळ घरांचे पोट मासेमारीवर चालते आणि तेथे हीच संख्या निराळ्या तऱ्हेने वाचावी लागते. उद्या वादळ होण्याचा संभव दहापैकी दोन आहे, असे कळले तर होडी काढावी काय? दहापैकी आठ वेळा समुद्र शांतच राहणार. पण एका बाजूस एका दिवसाची मासळी आहे आणि दुसऱ्या बाजूस होडी व तिच्यातली माणसे आहेत. येथे लहान आकडाही पुरेसा मोठा असतो. मे २०२१ मध्ये तौक्ते नावाचे चक्रीवादळ कोकणच्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे गेले. ते किनाऱ्यावर चढले ते गुजरातेत. तरी वाटेत सिंधुदुर्ग जिल्ह्यात त्याने घरांची, झाडांची व होड्यांची मोठी हानी केली. त्याच्या येण्याची सूचना वेधशाळेने काही दिवस आधीच दिली होती.

एखाद्या वेळी अशी सूचना मिळते, होड्या वाळूवर ओढून ठेवल्या जातात आणि वादळ येतच नाही. तेवढ्यावरून वेधशाळा चुकली असे म्हणता येत नाही. जसे मोरी एकदा हरली म्हणून ‘दहापैकी सात’ हे भाकीत खोटे ठरत नाही. ज्या ज्या दिवशी वेधशाळेने ‘दहापैकी दोन’ सांगितले, ते सारे दिवस वहीत लिहून ठेवावेत. असे शंभर दिवस झाले म्हणजे त्यांतल्या किती दिवशी वादळ आले ते मोजावे. विसाच्या जवळपास आकडा आला, तर सांगणाऱ्याने बरोबर सांगितले होते.