गाडीला जाड ऑइल की पातळ?

टॅक्सी असो, टेम्पो असो की घरची गाडी, इंजिनात कोणते ऑइल भरायचे हे बहुतेक मालक मिस्त्रीवर सोपवतात. मिस्त्रीचे उत्तरही ठरलेले असते: ‘आपल्याकडे ऊन कडक आहे, जाडच टाका.’ एके काळी हा सल्ला योग्य होता. मुंबईच्या रस्त्यांवरून २०२३ साली निवृत्त झालेल्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीच्या काळातली इंजिने जाड ऑइलवरच चालत. आजच्या गाडीत तोच हट्ट धरला तर भुर्दंड मालकाला पडतो, मिस्त्रीला नव्हे.

आधी डब्यावरचे आकडे समजून घेऊ. ५डब्ल्यू-३० मधील डब्ल्यू म्हणजे विंटर, अर्थात हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहते ते सांगतो. आकडा लहान, तर वाहणे सोपे. शेवटचा आकडा १०० अंश सेल्सिअसला, म्हणजे इंजिन पुरते तापल्यावर, ऑइलचा दाटपणा किती उरतो ते सांगतो. तापल्यावर ऑइल दाट होते असा अर्थ मात्र कोणी काढू नये. कोणतेही ऑइल तापले की पातळच होते. ५डब्ल्यू-३० ऑइल ४० अंशाला जेवढे दाट असते, त्याच्या साधारण सहाव्या हिश्श्याइतकेच ते १०० अंशाला उरते.

आता उन्हाळ्याचा मुद्दा. बाहेर नागपूरचे ४५ अंश असोत की महाबळेश्वरचे १५, थर्मोस्टॅट आणि रेडिएटर मिळून तापलेल्या इंजिनातले पाणी ९० अंशांच्या आसपास राखतात. त्यामुळे केवळ ऊन आहे म्हणून शेवटचा आकडा वाढवण्याचे कारण नाही. खरी अडचण सकाळी स्टार्ट करताना असते. तेव्हा ऑइल हवे त्यापेक्षा कितीतरी दाट असते आणि वरच्या भागापर्यंत पोहोचायला वेळ घेते. तेवढ्यात धातूवर धातू घासला जातो.

शिवाय आजच्या इंजिनांत ऑइलचे काम केवळ वंगणाचे नाही. व्हॉल्व्हच्या उघडझापीची वेळ बदलणारी यंत्रणा आणि अनेक गाड्यांतील टायमिंग चेनचा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतात. त्यांच्या वाटा बारीक असतात. अलीकडच्या अनेक पेट्रोल गाड्यांना कंपनी ०डब्ल्यू-२०, काहींना तर ०डब्ल्यू-१६ सांगते. तिथे २०डब्ल्यू-५० ओतले तर ॲव्हरेज घटते आणि ही यंत्रणा अडखळू लागते. ‘जाड ऑइलने प्रेशर वाढते’ हे खरे, पण प्रेशर म्हणजे पुरवठा नव्हे. दाब फार झाला की पंपाचा व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइल बेअरिंगकडे न जाता माघारी वळते.

मग जाड ऑइल कधीच नको का? तसेही नाही. सतत घाट चढणारी, भरलेली गाडी असेल, किंवा जुने इंजिन ऑइल खात असेल, तर एक पायरी वर जाता येते. पण गाडीच्या पुस्तिकेतील तक्त्यात तो ग्रेड दिला असेल तरच. त्याआधी गळती तपासावी. जुन्या गाड्यांच्या बाजारात धूर आणि खडखड लपवण्यासाठी मुद्दाम जाड ऑइल भरले जाते. हा उघड दगा आहे. घेणाऱ्याने इंजिन पूर्ण थंड असताना स्वतः स्टार्ट करावे, मग अर्धा तास चालवून तापल्यावर पुन्हा आवाज आणि धूर पाहावा.

नुसता ग्रेड जुळून भागत नाही. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाडीत काजळी अडवणारा फिल्टर असेल, तर कमी राखेचे ऑइलच हवे, नाहीतर तो महागडा फिल्टर तुंबतो. गाडीचे ऑइल मोटारसायकलमध्येही ओतू नये, क्लच घसरण्याचा धोका असतो. मोटारसायकलच्या डब्यावर जासो एमए लिहिलेले पाहावे. डिझेलचे ऑइल लवकर काळे झाले म्हणून घाबरू नये. ते काजळी धुऊन आपल्यात धरून ठेवते, त्याचे कामच ते.

सुट्या बॅरलमधले ऑइल स्वस्त पडते, पण त्यात काय आहे हे कळायला मार्ग नाही. सीलबंद डबा आपल्यासमोर फोडून घ्यावा, पक्के बिल मागावे आणि रिकामा डबा कापून टाकावा. नाहीतर तोच डबा पुन्हा भरून विकला जातो.