म्हाताऱ्या वस्तीतले निळे तारे

मे महिन्यात रात्री दहाच्या सुमारास दक्षिणेचं क्षितिज मोकळं असेल, तर नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी पुण्याहूनही दिसतो, जेमतेम चोवीस अंश वर. द्विनेत्रीतून तो कापसाचा बोळा वाटतो. दुर्बीण लावली की कडेचे तारे सुटे होतात. मध्य मात्र रांगोळी सांडल्यासारखा गिचमिडच राहतो. सुमारे १७ हजार प्रकाशवर्षांवरची, कोटीभर ताऱ्यांची ही वस्ती.

असे गोलाकार तारकागुच्छ म्हणजे आकाशगंगेतले पेन्शनर. वय बारा-तेरा अब्ज वर्षं. त्यांतले वजनदार निळे तारे केव्हाच विझले. तरीही २० हजार केल्विनहून तापलेले तारे तिथे सापडतात, आणि सूर्याचा पृष्ठभाग तर ५,८०० चाच. दृश्य प्रकाशात तांबडे राक्षसी तारे एवढे झगमगतात की हे तप्त तारे गर्दीत हरवून जातात. दूर-अतिनील किरणांत पाहिलं की राक्षसांचे दिवे मालवतात आणि तप्त तारे तेवढे उरतात. अडचण आपल्या वातावरणाची: ते हे किरण खाली येऊच देत नाही. म्हणून १९९० आणि १९९५ मध्ये अतिनील दुर्बीण अंतराळयानातून वर नेली गेली. पुढे २८ सप्टेंबर २०१५ ला श्रीहरिकोट्याहून ॲस्ट्रोसॅट हा उपग्रह उडाला. त्याच्यावरच्या यूव्हीआयटी या जोडदुर्बिणीचे आरसे अवघे ३८ सेंटिमीटरचे, पण नजर आधीच्या गॅलेक्स या अतिनील दुर्बिणीपेक्षा बरीच तीक्ष्ण. गुच्छांच्या दाटीत तीच कामी येते.

तापण्याचे दोन मार्ग मला फार आवडतात. पहिला, अंगावरचं घालवण्याचा. राक्षसी अवस्थेत तारा हायड्रोजनचं आवरण उधळतो. मग अर्ध्या सूर्याएवढ्या गाभ्यात हेलियम पेटतं. आवरण जाड उरलं तर तारा तांबूस, सालपटाएवढं उरलं तर आतली धग थेट बाहेर. एकाच गुच्छात कुणाचं आवरण जास्त का जातं, यावर अजून वाद आहेत.

दुसरा मार्ग, शेजाऱ्याकडून घेण्याचा. १९५३ मध्ये ॲलन सँडेज यांना एम ३ गुच्छात वयाला न शोभणारे निळे तारे दिसले. त्यांना ‘ब्लू स्ट्रॅगलर’, म्हणजे मागे रेंगाळलेले, म्हणतात. एक तर दोन ताऱ्यांची टक्कर, नाहीतर जोडीदाराचा माल ओढून आणलेलं तारुण्य.

भूतप तारकासमूहातल्या एनजीसी ५४६६ या गुच्छातला असाच एक तारा बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेतल्या स्नेहलता साहू, अन्नपूर्णी सुब्रमण्यम आणि सहकाऱ्यांनी यूव्हीआयटीने तपासला. तारा ८,००० केल्विनचा, पण अतिनील प्रकाश त्या मानाने भलताच जास्त. एका ताऱ्यात हिशेब बसेना. जोडीला सुमारे ३२,००० केल्विनचा श्वेत बटू, म्हणजे आवरण गमावलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा, धरला तेव्हा बसला. २०१९ मध्ये हे प्रसिद्ध झालं. हा गुच्छ विरळ, टकरी क्वचितच होणार. तेव्हा तो श्वेत बटू म्हणजे चोराशेजारीच सापडलेलं रिकामं पाकीट.