ठाण्याची एक कैफियत

ठाणे शहरात लहानाच्या मोठ्या झालेल्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांचे ‘मी हिजडा, मी लक्ष्मी!’ हे आत्मकथन वैशाली रोडे यांच्या शब्दांकनातून २०१२ साली प्रथम मराठीत प्रसिद्ध झाले आणि इंग्रजीत मागाहून गेले, या क्रमाचे मोल मला आज अधिकच वाटते. कारण बालवयात आप्तांकडूनच लैंगिक अत्याचार सोसलेल्या व्यक्तीने आपली कैफियत स्वतःच्या नावानिशी मांडली, तीही शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या भाषेत.

त्या कैफियतीपूर्वी नृत्य होते. दम्याने जर्जर झालेल्या त्या बालकाच्या ज्या नाजूक हालचालींची एरवी हेटाळणी होई, त्याच हालचालींना रंगमंचावर टाळ्या मिळत. पुढे भरतनाट्यमचे रीतसर शिक्षण झाले, ठाण्यात नृत्याचे वर्ग निघाले, आणि ज्या देहाची विटंबना झाली होती त्यावरील स्वामित्व कोणत्याही कायद्याच्या कितीतरी आधी तालाने परत मिळवून दिले, असे माझे स्पष्ट मत आहे. २००५ साली डान्सबारवर बंदी आली तेव्हा बारबालांची बाजू त्यांनी उघडपणे घेतली, तीही याच अनुभवाच्या बळावर असावी. २००७ मध्ये त्यांनी तृतीयपंथीयांसाठी ‘अस्तित्व’ ही संस्था काढली. पुढच्या वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या सभेत त्या बोलल्या.

परंतु या साऱ्या वाटचालीत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो १५ एप्रिल २०१४ रोजीचा राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या (‘नालसा’) याचिकेवरील सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. न्यायमूर्ती राधाकृष्णन आणि न्यायमूर्ती सिक्री यांनी तृतीयपंथीयांना आपली लिंगओळख स्वतः ठरवण्याचा अधिकार मान्य केला, आणि हस्तक्षेपक म्हणून उभ्या राहिलेल्या लक्ष्मी यांचा घरात व घराबाहेर झालेल्या छळाचा वृत्तान्त निकालपत्रातच नोंदवला. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांची फिर्याद चौकीच्या दारातूनच परत फिरे, त्यांच्यापैकी एकीची कहाणी देशाच्या सर्वोच्च दफ्तरी दाखल झाली.

मुलगा-मुलगी असा भेद न करता बालकांना संरक्षण देणारा पॉक्सो कायदाही आत्मकथन आले त्याच २०१२ सालचा. प्रौढ तृतीयपंथीयांच्या वाट्याला मात्र २०१९ च्या कायद्याने जे आले ते उणेच: त्यांच्यावरील लैंगिक अत्याचारास किमान सहा महिने आणि कमाल दोन वर्षे कैद, तर स्त्रीवरील बलात्कारास किमान दहा वर्षे सक्तमजुरी. पुढे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तीत संमतीविना केलेल्या ‘अनैसर्गिक’ संभोगास शिक्षा देणारे भारतीय दंड संहितेचे जुने कलम ३७७ राहिले नाही. सबब कल्याण-डोंबिवलीच्या लोकलमध्ये मंगती करून पोट भरणाऱ्या एखाद्या तृतीयपंथीयाने अशा अत्याचाराची फिर्याद नोंदवायला जावे, तर ठाणे अंमलदारासमोर तेच दोन वर्षांचे कलम उरले.