कात्रीआधी कापड

डिझायनर कपड्यांविषयी आपल्याकडे बोलणं होतं ते बहुधा भरतकाम, रंग आणि नाव या तीन गोष्टींभोवती. लेहंग्यावर जरदोजीचं काम किती महिने चाललं, कोणत्या नटीने तो घातला, हे सविस्तर सांगितलं जातं. कापडाचा उल्लेख आला तरी तो किंमत पटवण्यापुरता येतो: शुद्ध रेशीम आहे, पश्मिना आहे, खरी जर आहे. कापड अंगावर कसं पडतं, ताणलं तर किती देतं, घडी किती वेळ धरतं, घाम लागल्यावर काय करतं, याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. मला मात्र नेमक्या याच गोष्टी मुख्य वाटतात. गेल्या शंभर वर्षांत कपड्याच्या आकारात जे मोठे बदल झाले, त्यांतले बरेचसे एखाद्या नव्या किंवा दुर्लक्षित कापडाचा स्वभाव ओळखल्यामुळे झाले. ते कापड महाग होतं की स्वस्त, याचा त्या बदलांशी फारसा संबंध नव्हता.

१९१६ सालचं उदाहरण घेऊ. पहिलं महायुद्ध चालू होतं, फ्रान्समध्ये कापडाची टंचाई होती आणि रोदिए नावाच्या कापड उत्पादकाकडे यंत्रावर विणलेलं जर्सीचं कापड पडून होतं. जर्सी तोवर पुरुषांच्या आतल्या कपड्यांसाठी आणि मोज्यांसाठी वापरत. कोको शनेलने ते विकत घेतलं आणि त्यातून स्त्रियांचे बाहेर घालायचे पोशाख केले. जर्सीत उभे-आडवे धागे नसतात, एकमेकांत अडकवलेले फासे असतात. म्हणून ते ताणतं आणि पुन्हा जागेवर येतं. पण याच कारणाने ते घट्ट बेतायला, बारीक चिमट्या घालून शरीराला आवळायला गैरसोयीचं. शनेलने त्याच्याशी झटापट केली नाही. शिवणी कमी केल्या, कंबर मोकळी सोडली, रेषा सरळ ठेवल्या. तिच्या कपड्यांतल्या ज्या साधेपणाची पुढे इतकी वाखाणणी झाली, त्यात तिच्या अभिरुचीइतकाच या स्वस्त, लवचिक कापडाचाही वाटा आहे.

माद्लेन व्हिओने हिची गोष्ट याहून बारीक लक्ष देऊन पाहण्यासारखी आहे. कोणतंही विणलेलं सुती किंवा रेशमी कापड हातात घ्या आणि उभ्या धाग्याच्या दिशेने ओढा. ते जवळजवळ ढिम्म हलत नाही. आडवं ओढलं तर किंचित देतं. पण कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपं ओढा, की ते एकदम लांबतं, मधून बारीक होतं आणि सोडल्यावर परत येतं. धागे तेच असतात. त्यांच्यामधले चौकोन तिरपे ओढल्यावर कलतात, एवढंच. शिंपी उरेब पट्टी कापतो ती याच गुणासाठी. गळ्याच्या वळणावर ती न चुणता बसते. व्हिओनेने १९२० च्या दशकात पट्टीपुरता असलेला हा गुण सबंध पोशाखाला लावला. त्यासाठी तिने क्रेप निवडला, कारण क्रेपच्या धाग्याला भरपूर पीळ दिलेला असतो आणि तो मुळातच थोडा आखडलेला, दाणेदार असतो. तिरपा कापल्यावर तो अंगाच्या वळणाबरोबर वाहतो. कागदावर चित्र काढण्याऐवजी ती लहानशा लाकडी पुतळीवर कापड गुंडाळून पाहत असे. तिरप्या कापाला रुंदी जास्त लागते, म्हणून तिने नेहमीच्या पन्ह्यापेक्षा पुष्कळ रुंद कापड खास विणवून घेतलं. इथे कापडाचा आग्रह थेट मागापर्यंत पोचला, आणि मला ही बाब फार महत्त्वाची वाटते.

यावर हमखास आक्षेप येतो तो क्रिस्तियान दिओरचं नाव घेऊन. १९४७ च्या फेब्रुवारीत त्याने जे पोशाख दाखवले त्यांत चिंचोळी कंबर आणि घेरदार घागरे होते. तो आकार त्याच्या मनात आधी होता आणि अस्तरं, पॅडिंग, शिवणींच्या जोरावर त्याने तो कापडाकडून करवून घेतला. मग कापड पुढे आणि डिझायनर मागे, असं कसं म्हणायचं? आक्षेप खरा आहे. कापडावर जबरदस्ती करता येते आणि तीही देखणी करता येते. पण तिची किंमत मोजावी लागते ती वजनात आणि कापडाच्या लांबीत. युद्धाची टंचाई पुरती सरलेली नसताना एकेका घागऱ्यासाठी मीटरच्या मीटर कापड वापरल्याबद्दल लोक चिडले होते, आणि दिओरच्या पाठीशी पैसा उभा केला होता तो मार्सेल बुसाक या सुती गिरण्यांच्या मालकाने. याच काळात पॅरिसमध्ये काम करणाऱ्या क्रिस्तोबाल बालेन्सियागाने दुसरी वाट धरली. १९५८ मध्ये स्वित्झर्लंडच्या अब्राहम या कापड कंपनीने त्याच्यासाठी गझार नावाचं रेशीम तयार केलं. घट्ट पिळाच्या धाग्यांचं हे कापड साध्या विणीचं, तरी इतकं ताठ असतं, की घडी घालून हवेत धरलं तर तसंच राहतं. १९६७ साली त्याने याच कापडातून वधूचा एक पोशाख केला. झालर नाही, भरतकाम नाही, आणि शिवणी बोटांवर मोजण्याइतक्या. डोक्यावरचं आवरणही त्याच कापडाचं. सगळा डौल आला तो कापडाच्या ताठपणातून. दिओरने आतून आधार देऊन जे साधलं, ते इथे धाग्याच्या पिळाने साधलं. दोन्ही रीती मी मान्य करते, पण दुसरीत मला जास्त बुद्धी दिसते.

कृत्रिम धाग्याबद्दल जाणकारांच्या मनात जी अढी असते तिचाही इथे विचार करायला हवा. पॉलिस्टर घाम शोषत नाही, ते कुजत नाही, त्याचे सूक्ष्म तंतू धुण्याच्या पाण्यातून वाहत जातात. हे दोष खरेच आहेत. तरीही विसाव्या शतकातल्या अस्सल डिझाइनची यादी करताना इस्सेई मियाकेचे चुण्यांचे कपडे वगळता येत नाहीत, आणि ते पॉलिस्टरचे आहेत. त्याच्याआधी मारियानो फॉर्च्युनीने रेशमाला बारीक चुण्या घालून 'डेल्फोस' नावाचा अप्रतिम झगा केला होता. पण रेशमाच्या चुण्या पाण्याने उतरत आणि झगा पुन्हा चुणण्यासाठी परत पाठवावा लागे. पॉलिस्टर उष्णतेने मऊ होतं आणि थंड झाल्यावर दिलेला आकार पक्का धरतं. मियाकेने हा गुण हेरला. कपडा आधी अडीच-तीनपट मोठा शिवायचा, मग कागदांच्या थरांत घालून गरम दाबाने चुणायचा, असा क्रम त्याने बसवला. 'प्लीट्स प्लीज' या नावाने हे कपडे १९९३ मध्ये बाजारात आले. ते धुता येतात, वळकटी करून पिशवीत टाकता येतात, इस्त्री लागत नाही. दुसऱ्या कुठल्याही धाग्याकडून हे काम सहजासहजी झालं नसतं. त्याच पॉलिस्टरला रेशमासारखी चमक देऊन रेशीम म्हणून खपवलं जातं तेव्हा मात्र माझी हरकत आहे. तिथे त्याचे सगळे दोष अंगाला लागतात आणि गुण एकही वापरला जात नाही.

आता आपल्याकडे येऊ. भारतात विणकराने कापडाच्या वापराचा विचार मागावरच केलेला असतो, आणि डिझायनरने तो वाचायला हवा. गुजरातचा मश्रू पाहा. त्याचे उभे धागे रेशमाचे, आडवे सुती, आणि वीण सॅटिनची. त्यामुळे वरच्या अंगाला रेशीम झळकतं आणि आतल्या अंगाला सूत राहतं. रेशीम त्वचेला लागू नये ही धार्मिक मर्यादा पाळणाऱ्यांची त्यात सोय झाली, आणि उष्ण हवेत अंगाला सुती स्पर्श मिळाला. मराठवाड्यातला हिमरू सूत आणि रेशमाचा. त्याच्या उलट बाजूला नक्षीचे धागे मोकळे सुटलेले असतात, म्हणून तो जाडसर आणि मऊ लागतो. शेरवानी किंवा जाकिटाला अस्तर लावून तो वापरायचा. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा खण तर चोळीसाठीच विणलेला. पन्हा लहान आणि दोन्ही बाजूंना काठ. हे काठ बेताने बाहीच्या कडेला येतात, आणि कापड फारसं वाया जात नाही. मुंबईतून काम करणाऱ्या वैशाली शडांगुळे यांनी खणाचं हे कापड आपल्या कामात आणलं. २०२१ मध्ये पॅरिसच्या ओत कूत्युर सप्ताहात स्वतःचं काम दाखवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला डिझायनर ठरल्या. खण कात्रीसाठीच जन्मलेला असल्यामुळे त्याला नवा आकार देताना त्याच्यावर अन्याय होत नाही.

पैठणीचं तसं नाही. तिच्या पदरात रंगीत बाणा सबंध रुंदीभर जात नाही. प्रत्येक रंगाचा धागा आपल्या नक्षीच्या हद्दीपर्यंत जातो, शेजारच्या धाग्यात अडकून मागे वळतो. म्हणून मोर, मुनिया, आसावली दोन्ही बाजूंनी सारखीच दिसतात आणि उलट बाजूला लोंबते धागे नसतात. साडीचं अंग हलकं, काठ भारी, पदर सर्वांत भारी, ही वजनाची वाटणी निऱ्या आणि खांद्यावरून सुटणारा पदर डोळ्यांपुढे ठेवून केलेली असते. एखादा पदर पुरा व्हायला महिनेही जातात. तो कापून जाकीट केलं, की शिवण मोराच्या मानेतून जाते, जरीची भारी पट्टी कोपराशी येऊन टोचते आणि हलक्या अंगाचं कापड काखेत तणावाने विरतं. जुनी, विरलेली पैठणी वाचवण्यासाठी असा कपडा कुणी शिवला तर ते समजण्यासारखं आहे. नव्याकोऱ्या पैठणीचा लेहंगा शिवणं मला उधळपट्टी वाटते.

यावर कुणी म्हणेल, साडी नेसणं कमी होत चाललंय; विणकराने मग करायचं काय? हा प्रश्न भावनेने टाळता येणार नाही. २०१९-२० च्या चौथ्या हातमाग गणनेनुसार देशात सुमारे ३५ लाख हातमाग कामगार आहेत, त्यांत सत्तर टक्क्यांहून अधिक स्त्रिया आहेत, आणि सुमारे दोन तृतीयांश विणकर कुटुंबांचं मासिक उत्पन्न पाच हजारांच्या आत होतं. अशा घरातून आलेली साडी डिझायनरने बाजारभावाने घ्यायची, कापायची आणि अनेकपट किमतीला विकायची, यात विणकराच्या हाती साडीच्या मजुरीपलीकडे काहीच पडत नाही. तोच डिझायनर सहा महिने आधी येवल्याला जाऊन म्हणाला, की मला जाकिटासाठी कापड हवं, जर कमी, घट्ट विणीचं, नक्षी शिवणीपासून चार बोटं आत, तर विणकराच्या हाती नवं काम येतं, त्याची कल्पकता लागते आणि तिचे वेगळे पैसे मागता येतात. पैठणीचं तंत्र त्यात सगळं राहतं. व्हिओनेने रुंद क्रेप असाच मागून घेतला होता, बालेन्सियागाचा गझारही असाच जन्मला. हातमागाचं कापड एकसारखं नसतं, मापात बसत नाही, अशी तक्रार करणारे बहुधा तयार ठाण विकत घेणारे असतात. मागावर बसून ठरवलेल्या कापडाबाबत ही तक्रार बरीच कमी होते.

दिवाळीच्या किंवा लग्नाच्या खरेदीत हे सगळं दुकानात उभं राहूनही पाहता येतं. कपडा उलटा करा. महाग रेशमाखाली गुळगुळीत पॉलिस्टरचं अस्तर असेल तर बाहेरच्या रेशमाचा अंगाला काहीच फायदा नाही. तिथे मलमल किंवा पातळ सुती अस्तर मागा. शिवणीच्या दोन्ही बाजूंना नक्षी जुळते का, काठ कुठे संपतो, ते बघा. शिवणीच्या आत निदान अर्धा-पाऊण इंच कापड सोडलंय का, ते तपासा, कारण रेशीम कडेने उसवतं आणि पुढे सैल करायला जागा लागते. तिरप्या कापाचा घागरा असेल तर तो टांगून ठेवल्यावर खालची कड समपातळीत राहते का, ते पाहा. कड कापण्याआधी असा कपडा एक-दोन दिवस लोंबत ठेवायचा असतो आणि घाईत हे टाळलं जातं. शेवटी विक्रेत्याला भरतकामाला किती दिवस लागले हे न विचारता, कापड कुठल्या गावात, कुठल्या धाग्याने, कुठल्या विणीत विणलंय, हे विचारा. ज्या दुकानात या प्रश्नाचं उत्तर माहीत असतं, तिथे कपड्याच्या किमतीवरही जरा खुलेपणाने बोलता येतं.