मारेकरी न दिसणारी हिंसा

वऱ्हाडातल्या शेतकऱ्याचं मरण आपल्या कलांनी कसं दाखवलं, हे पाहायचं तर थोडं मागून यावं लागतं. 1981 चा, राजदत्त यांचा 'अरे संसार संसार' हा चित्रपट घ्या. त्यातलं काळ्या मातीचं गाणं अकोल्याच्या विठ्ठल वाघांचं. त्या काळच्या मराठी पडद्यावर हिंसेला चेहरा असे. सावकार, पाटील, फार तर साखरसम्राट. प्रेक्षकाला शिव्या घालायला माणूस मिळायचा.

पुढे तो माणूसच दिसेनासा झाला. कापसाचा भाव पडतो, पण पाडणारा रंगमंचावर आणायचा कसा? बँकेची नोटीस, बोगस बियाणं, पावसाची उघडीप, यांना मिशा लावता येत नाहीत. बुलडाण्याच्या सदानंद देशमुखांनी 'बारोमास'मध्ये ही हिंसा थेट घरात आणून बसवली. नोकरीसाठी मोजायला पैसे नाहीत म्हणून मास्तरकी हुकलेला एकनाथ त्यांनी उभा केला. कादंबरीला 2004 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एकांकिकावाल्यांनी मात्र सोपी वाट धरली. शेवटी फास, त्यावर लाल उजेड, आईचा हंबरडा, पडदा. टाळ्या हमखास. मला त्या टाळ्यांची नेहमीच शिसारी आली आहे.

सतीश मनवर यांचा 'गाभ्रीचा पाऊस' हा चित्रपट 2009 मध्ये आला आणि त्यानं उलटं केलं. शेजारच्या शेतकऱ्यानं जीव दिल्यावर किसनाची बायको अलका हादरते. आपला किसनाही तसंच करील म्हणून ती पोराला त्याच्या मागावर लावते, सासूला नजर ठेवायला सांगते. नवरा खुशीत राहावा म्हणून घरात पुरणपोळी होते. खिसे रिकामे, अन् ताटात पुरण! आपण हसतो, आणि त्या हसण्यातच भीती मुरत जाते. मरण्याआधीचं हे रोजचं धास्तावणं फासापेक्षा कितीतरी हिंस्र आहे. त्याच सुमाराच्या 'नीरोज गेस्ट्स' या दीपा भाटिया यांच्या माहितीपटात अकोल्याकडचे शेतकरी-कवी श्रीकृष्ण कळंब भेटतात. त्यांनी 2008 मध्ये स्वतःच जीवन संपवलं. तिथं कलावंत आणि विषय यांच्यात अंतरच उरत नाही.

मग बाया बोलू लागल्या. श्याम पेठकरांनी लिहिलेलं आणि वर्ध्याच्या हरीश इथापेंनी बसवलेलं 'तेरवं' हे नाटक शेतकऱ्यांच्या विधवांनीच केलं. गोष्ट सुरू होते ती तेराव्या दिवसानंतर. सातबाऱ्यावर नाव नाही, सासर दार लावून घेतं, गावची नजर बदलते. मेलेल्याची आकडेवारी निघते. मागं राहिलेलीवर रोज होणारा अत्याचार कुणी मोजत नाही.

त्यातल्याच वैशाली येडे. लेखिका नयनतारा सहगल यांचं निमंत्रण मागं घेतल्यानं गाजलेल्या यवतमाळच्या साहित्य संमेलनाचं उद्घाटन जानेवारी 2019 मध्ये त्यांच्या हस्ते झालं. निमंत्रणाच्या गोंधळात कुणीतरी 'आपली बाई' शोधली, असंही तेव्हा बोललं गेलं. असेल. पण माइक हातात आल्यावर त्या पाहुणीसारख्या बोलल्या नाहीत. त्याच वर्षी त्यांनी प्रहार पक्षाकडून यवतमाळ-वाशिमची लोकसभा लढवली आणि हरल्या.